चांगुणाची सफरचंदं

आमच्या कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांच्या लायनीत कुणी सफरचंदं घेऊन येताना दिसलं की लोक एकच विचारायचे, "कोण ॲडमिट आहे?" ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. धडधाकट माणसाने केळं खावं, पेरू खावा, सीझनला आंबा. सफरचंद आजाऱ्याचं. ते कागदी पिशवीतून दवाखान्यात न्यायचं, खाटेशेजारी ठेवायचं आणि "काही लागलं तर सांगा" म्हणून निघायचं. हा नियम कुणी केला मला विचारू नका. मीही पाळत होते.

शेजारची चांगुणा दहिवडीकडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नवरा गोटीराम तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती उचलायचा. दिवसाकाठी पाच वाक्यं बोलला तर स्वारी खुशीत समजायची. चांगुणा नवऱ्याला, आल्यागेल्याला वाढून झाल्यावर टोपात उरलेलं खायची. उरलं नसेल तर चहा प्यायची आणि वर मला सांगायची, "भूकच न्हाय ओ ताई." खोटारडी!

एक दिवस नळावर तिला चक्कर आली. हंडा एकीकडे, ती एकीकडे. गोटीरामने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला आत गोळ्या दिल्या आणि बाकीचं नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं. रक्त फार कमी आहे, पालेभाजी द्या, रोज एक तरी फळ द्या, सफरचंद वगैरे. गोटीरामने घरी येऊन यातलं काय सांगितलं? "काय न्हाय. गोळ्या घे."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याने वाशीच्या हातगाडीवरून किलोभर सफरचंदं आणली, तिच्यापुढे ठेवली आणि पाय धुवायला गेला.

चांगुणाच्या घरात त्याआधी सफरचंदं दोनदा आली होती. सासूसाठी आली, सासू चौथ्या दिवशी गेली. दिराला कावीळ झाली तेव्हा आली, तोही राहिला नाही. तिने पिशवी पाहिली, फळीवर ठेवली आणि भाकरी थापायला बसली. नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. त्याच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं तिला.

आता माझा गाढवपणा सांगते. गोटीराम मला कोपऱ्यावरच भेटला होता. मी सवयीने विचारलं, "कोण ॲडमिट?" तो म्हणाला, "कोन न्हाय वयनी. चांगुणासाठी." मी ते फक्त समोरच्या रखमाला सांगितलं. रखमाला सांगितलं म्हणजे लायनीला सांगितलं, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा जण भेटायला आले. प्रत्येकाच्या हातात दोन दोन सफरचंदं. सगळे तोंडं पाडून बसले. मरायला टेकलेल्या बाईने अकरा जणांना चहा केला. कुणी नको म्हटलं नाही.

सफरचंद मात्र तिने एकही तोंडात घातलं नाही. लायनीतल्या पोरांना वाटत सुटली. "पोरांचं रक्त वाढंल. माज्यावर कशाला वाया घालवायची?" मग मला आत बोलावलं, पेटीची किल्ली दाखवली आणि म्हणाली, "ताई, शिलाई मशीन रखमाला दिऊ नका, ती सुया मोडती. आन् ह्यास्नी भाकरी येत न्हाय. पिठलं येतं, भाकरी तेवढी तुमी बघा." मी हो म्हटलं. घरी येऊन कपडे धोपटत ढसाढसा रडले.

आठव्या दिवशी ती पुन्हा कोसळली. या खेपेस मीही दवाखान्यात गेले.

"फळं खाल्ली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय. किती दिस हायेत, डाक्टर?"

"कशाला?"

"मला."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

"अहो बाई, रक्त कमी आहे तुमचं! सफरचंदच हवं असंही नाही. पेरू खा, पपई खा. जेवताना आवळा नाहीतर लिंबू घ्या, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. पण खा! असंच उपाशी राहिलात तर मात्र मला दिवस मोजावे लागतील."

घरी आल्यावर चांगुणा नवऱ्यावर जी काही उखडली! "तोंड दिलंय न्हवं देवानं? आठ दिस झालं, मरतीया मी हितं!"

गोटीरामने खांद्यावरचं फडकं खुंटीला अडकवलं. मग म्हणाला, "तू जगावीस म्हनून आनली. त्यात सांगायचं काय?"

फळीवर एकच सफरचंद उरलं होतं, थोडं सुरकुतलेलं. चांगुणाने ते पदराला पुसलं आणि उंबऱ्यात बसून सरळ दात लावले. विळी घेतली नाही, फोडी केल्या नाहीत. पोरं समोर येऊन उभी राहिली. रखमा आली. मी होतेच. कुणाला घे म्हणाली नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. बियांपर्यंत खाल्लं.

मला विचारलंसुद्धा नाही! मला राग आला. खरंच आला. आणि इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले.