उपड्या फोनचे रविवार

रविवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्या जेवणाच्या टेबलावर ऊन येतं. आधी ते मिठाच्या बरणीवर थांबतं, मग सरकत सरकत फोनपर्यंत पोचतं. बाळांनो, तिकडे परदेशात तुमच्याकडे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. तुम्ही नुकते उठलेले, केस विस्कटलेले, आणि आमच्याकडे दिवस आवरायला आलेला. त्या एका तासात आमच्या घरात सकाळ आणि संध्याकाळ शेजारी शेजारी बसलेल्या असतात असं मला वाटतं. कधी कधी मला कळत नाही की चहा माझ्या कपातून वाफाळतोय की तुमच्या दुधाची वाफ इथवर आलीय.

हा तास मी एकदा माझ्याच हाताने घालवला होता. तो परत कसा आला ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. इकडचं अर्धं तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

तुमची आई मुलांच्या खेळण्याचा अभ्यास करते. मुलं पडद्यासमोर किती वेळ असतात, अंगणात किती, पुस्तकात किती, आणि या सगळ्याचा मेळ एखाद्या घरात कसा बसतो, हे ती आणि तिच्यासोबतचे लोक शोधत असतात. त्यासाठी तिने एक वही आखली होती. दिवसाला एक पान, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी, आणि वर तीन रकाने: पडदा, खेळ, अभ्यास. बाहेरच्या कुटुंबांना देण्याआधी ती घरीच वापरून बघायची असं तिने ठरवलं, आणि सूचना नीट समजतात की नाही हे तपासायला मला पाठवली. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. आखलेला कागद दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. तुमच्या दिनक्रमाचं मला जेवढं माहीत होतं त्यावरून मी नमुन्याचा एक आठवडा भरून टाकला.

रविवारपाशी आले. आठ ते नऊ, आजी-आबांशी व्हिडिओवर गप्पा. कोणता रकाना? मी फार विचार केला नाही. फोन म्हणजे पडदा. बरोबरची खूण केली, पानाचा फोटो काढून तुमच्या आईला पाठवला, आणि काम चोख झालं म्हणून स्वतःवर खूश झाले.

पुढच्या महिन्यात तुमच्या फ्रिजवर वहीचं पान लागलं, माझ्या त्या खुणेसकट. आठवड्याचे पडद्याचे तास ठरले, आणि ते कसे वापरायचे हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, असा करार झाला. करार चांगला होता, आजही मला चांगलाच वाटतो. दुसऱ्याच रविवारी मी तुम्हाला गुलमोहराबद्दल काहीतरी सांगत होते, तर धाकट्या, तू मध्येच म्हणालास, "आजी, आता ठेवू का? माझे मिनिट्स जातायत."

"कसले मिनिट्स?"

"स्क्रीनचे. तुझ्याशी बोललो की माझं कार्टून कमी होतं."

थोरलीने तुला कोपर मारलं, ते मला दिसलं. मग चित्र गेलं, आणि काळ्या काचेत माझा चष्मा तेवढा उरला.

आबा शेजारीच होते. त्यांच्या कानाचं तुम्हाला माहीत आहे. यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते खणात असतं. पण व्हिडिओवर त्यांना कानांची गरजच नव्हती. कधी वर्तमानपत्राची टोपी घालून बसायचे, कधी पोपटाने टोचलेला पेरू दाखवायचे आणि तोच पेरू खाऊन टाकायचे. तुम्ही हसलात की त्यांना ते दिसायचं, आणि तेवढ्यावर त्यांचा आठवडा जायचा.

"काहून वं, आज लवकर ठेवला?"

"त्यांच्या वहीत आपण पडद्यात मोडतो," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "कार्टूनमध्ये."

"मी तं हावच कार्टून. तू मात्र बातम्या हायेस." मग म्हणाले, "सांग न पोरीले. हा फोन नको मोजू म्हणा."

मला ते सांगता येईना. एक तर खूण माझीच होती. दुसरं म्हणजे, तुमची आई आठ वर्षांची असताना आमच्या घरी टीव्ही फक्त रविवारी लागायचा, आणि तोही एकच कार्यक्रम. एका बुधवारी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "आई, आवाज बंद करून बघितलं तर ते बघणं धरशील का?" मी म्हटलं होतं, धरीन. वर, नियम म्हणजे नियम, असंही म्हटलं होतं. तेव्हाचा तिचा चेहरा मला आता फार स्पष्ट दिसतो. त्या वेळी मी वह्या तपासत होते, वर बघितलंही नव्हतं, तरी दिसतो. त्या मुलीला आता मी कोणत्या तोंडाने सवलत मागणार?

दोन रविवार असेच गेले, दहा-दहा मिनिटांचे. आबांनी टोपी केलीच नाही.

मग कळमन्याच्या बाजारातून वर्षभराची चिंच आली. दुपारी कूलरसमोर चादर अंथरून आम्ही दोघं चिंच फोडत बसलो. कूलरच्या त्या एकसुरी आवाजात दुपार पाण्यासारखी होते, माणूस तिच्यात नुसतं तरंगतं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की आबांनी चिंच सोडून दिली आहे आणि ते एक चिंचोका फरशीवर घासत आहेत. घासून घासून त्यांनी त्याचं एक पोट पांढरं केलं. मग दुसरा घेतला. असे चार झाले.

"चाल वं, अष्टाचंग खेळू. लहानपणी गावाले हेच करत होतो दिवसभर."

तुम्हाला आता हा खेळ पाठ आहे, पण मला तो त्या दुपारपर्यंत येत नव्हता. आमच्या घरी कॅरम होता. खडूने पंचवीस घरं आखली. चार चिंचोके टाकायचे, जितकी पांढरी पोटं वर येतील तितकी घरं पुढे जायचं. चारही काळे पडले तर आठ, आणि वर आणखी एक डाव. आपली सोंगटी दुसऱ्याच्या सोंगटीवर गेली की दुसऱ्याची मेली, तिने पुन्हा पहिल्यापासून निघायचं. मी तिसऱ्यांदा मेले तेव्हा सहज माझी नजर टेबलावरच्या फोनकडे गेली. तो उपडा पडलेला होता.

त्या संध्याकाळी मी तुमच्या आईला विचारलं, "फोन उपडा ठेवला, नुसता आवाज सुरू ठेवला, आणि दोन्हीकडे मुलं-माणसं पट मांडून खेळली, तर ते कोणत्या रकान्यात?"

तिने प्रश्न स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून बघितला. मग हसली. "खेळात, आई. नक्की खेळात." आणि मग म्हणाली, "पण बाबांना ऐकू कुठे येतं?"

तेच तर होतं. चित्र गेलं तर माझं फारसं जात नव्हतं, आबांचं सगळंच जात होतं. मी त्यांना कागदावर लिहून विचारलं, कारण ही गोष्ट ओरडून विचारायची नव्हती. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"माह्यं काय, मी चिंचोके टाकीन," ते म्हणाले आणि पुन्हा चिंच फोडायला लागले.

असे ते रविवार सुरू झाले. तुमच्याकडे चिंचोके नव्हते म्हणून तुम्ही पिस्त्याची टरफलं घेतलीत. आमचे चिंचोके लाकडावर टपटप पडायचे आणि तुमची टरफलं तिकडे किणकिण करायची. मी इकडच्या पटावर तुमच्याही सोंगट्या चालवायची, तुम्ही तिकडे आमच्या. आबा टाकायचे, मी आकडा सांगायची. तुमचा आकडा आला की मी बोटं वर करून त्यांना दाखवायची.

दिसणं बंद झाल्यावर तुमचं घर मला पहिल्यांदा ऐकू आलं. कुणीतरी जिन्यावरून अनवाणी उतरत होतं. चमचा वाटीला लागत होता. खिडकीबाहेर एक पक्षी तीनदा बोलून थांबायचा, आणि तो आपल्याकडचा नव्हता. मी डोळे मिटले की त्याच खोलीत आमच्या गल्लीतला कुल्फीवाला घंटी वाजवत जायचा. एकदा थोरली, तू विचारलंस, "आजी, आपल्या दारावर कोण आहे?" तू "आपल्या" म्हणालीस. मी लगेच उत्तर दिलं नाही. मला ते दार आणखी थोडा वेळ आपलं राहू द्यायचं होतं.

आबा मात्र शांत बसलेले असायचे. पटाकडे बघायचे, तुमच्या सोंगट्या, म्हणजे लाल बटणं, सरकली की मान हलवायचे. "हा धाकटा घाईचा हाये," म्हणायचे. "थोरली वाट पाहून मारते." एवढंच त्यांना मिळत होतं, आणि तेही माझ्या हाताने.

चौथ्या की पाचव्या रविवारी त्यांनी चिंचोके टाकले. तीन काळे, एक पांढरा. एक घर. माझ्या डोळ्यांदेखत आबांनी अंगठ्याने तो पांढरा उलटा केला आणि स्वतःच ओरडले.

"आठ!"

मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. ते खिडकीकडे बघत होते. पुन्हा टाकले. पुन्हा अंगठा. "आठ!" आणि धाकट्या, तुझी घराजवळ आलेली सोंगटी मेली.

"नाही!" फोनमधून तुझी किंकाळी आली. "चीटिंग! आबा चीटिंग करतायत! दोनदा आठ येतच नाही! मम्मा!"

फोन टेबलावर थरथरला. आणि आबांचा चेहरा उजळला, दिवे गेलेल्या घरात दिवे यावेत तसा.

"ऐकलं म्या," ते म्हणाले. "बाप्पा, काय बोंब मारली पोट्ट्यानं!"

फोन ठेवल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. "नातवंडांशी खोटं खेळता? लाज वाटत नाही?"

"वाटते न. थोडीशी." त्यांनी चिंचोके डबीत भरले. "तू बोलते तं त्याइले ऐकू येते. ते बोलते तं तुले येते. मले कोणाचं येते? तो ओरडला की मले येते. वावराच्या धुऱ्यावरून, त्या लांबच्या बांधावरून कोणी हाक मारली का नाही, तसं येते."

परीक्षेत एक शब्द बघून लिहिला म्हणून मी मुलींना अख्खा निबंध पुन्हा लिहायला लावला आहे. पण पुढच्या रविवारपासून दर डावात एकदा, फार तर दोनदा, मी न अडखळता "आठ" म्हणू लागले. आणि मग आम्ही दोघंही फोनकडे वाकून वाट बघायचो. हे तुमच्या आईच्या वहीत कोणत्या रकान्यात बसतं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

मग तो रविवार आला. मी नेहमीसारखा फोन उपडा ठेवला, पट मांडला, तर धाकट्या, तू म्हणालास, "आजी, आज फोन सरळ कर."

"अरे, मग तो पडदा होईल."

"होऊ दे. माझ्याकडे दहा मिनिट्स आहेत. मी सेव्ह केलेत. मंगळवारी कार्टून नाही पाहिलं, गुरुवारी पण नाही. मला आबांचा हात बघायचाय."

मागून तुमच्या आईचा आवाज आला. "खरंच आई. फ्रिजवर लिहून ठेवलंय त्याने. 'आबा पकडणे, दहा मिनिटं.'"

मी आबांच्या कानाशी गेले. "फोन सरळ करतेय! धाकट्याला तुमची चोरी पकडायची आहे! हात बघायचाय म्हणतो!"

आबा उठले आणि आरशापाशी जाऊन केस विंचरायला लागले.

"अहो, हात बघायचाय त्याला. केस कशाला?"

"तू राहू दे वं."

मी फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला, आणि तुम्ही आलात. धाकट्या, तुझे पुढचे दोन्ही दात पडले होते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. थोरलीने केस कानापर्यंत कापले होते आणि तिची मान एकदम लांब दिसत होती. दहा रविवारांत तुम्ही आवाजाच्या मागे लपून एवढे मोठे झाला होतात. आबा पुढे वाकले. नुसते बघत राहिले, आधी तुझ्याकडे, मग थोरलीकडे, मग पुन्हा तुझ्याकडे, हळूहळू.

"बाही वर करा!" धाकट्या, तू स्वतःची बाही वर करून दाखवलीस. "ताई टायमर लावतेय. आबा, टाका!"

आबांनी बाही कोपरापर्यंत दुमडली. एकेक चिंचोका उचलून तुम्हाला दाखवला, पोट, पाठ, पुन्हा पोट. चारही मुठीत घेतले. मूठ हलवली. तुम्ही दोघं काचेला इतके चिकटलात की चित्रात फक्त डोळे आणि पुढचे दात पडलेलं तोंड राहिलं.

"टाका ना आबा! वेळ चाललाय!"

ते मला ऐकू आलं. आबांना ते तुझ्या ओठांवर दिसलं असणार, कारण त्यांनी मान डोलावली. मग चिंचोके त्यांनी डाव्या मुठीत घेतले, त्यावर फुंकर मारली, पुन्हा उजव्या मुठीत घेतले. तुम्ही हसायला लागलात. मीही त्यांना लवकर टाका म्हटलं नाही. तिकडे टायमर टिकटिकत होता, इकडे मूठ कानापाशी हलत होती, आणि आबा तुमच्याकडे बघत ती उघडायचं टाळत होते.