फॉरमॅट मारलेली यादी

गिरणी कामगारांच्या आमच्या समितीचा अध्यक्ष व्हायला गिरणीत काम केलेलं असण्याची गरज नव्हती. पांढरा सदरा पुरत असे. आमच्या अध्यक्षांकडे असे बरेच होते. संप झाला तेव्हा ते शाळेत जात होते. पण भाषणाला उभे राहिले की संप त्यांच्याच ओटीवर ठरला असावा असं वाटे.

परळच्या एका चाळीतली तळमजल्याची खोली हे आमचं कार्यालय. तिथे देणगीतला एक कॉम्प्युटर होता आणि त्यात मी दोन वर्षं खपून टाइप केलेली यादी: कामगाराचं नाव, तिकीट नंबर, खातं, राहता पत्ता आणि शेजारच्या मागावर कोण होतं ते. ज्याच्याकडे गिरणीचा एकही कागद उरला नव्हता, त्याच्या सरकारी घराच्या अर्जाला आम्ही शेजारच्या मागवाल्याची साक्ष जोडायचो. तो शेजारी या यादीतच सापडे.

एक बडे पाहुणे येणार असल्याने त्या एकुलत्या कॉम्प्युटरला ‘संगणक कक्ष’ म्हणायचं ठरलं. मशीन रडतखडत चालत होतं, म्हणून नवी सिस्टीम घालायला अध्यक्षांचा मेहुणा आला.

“जुनीवरच नवी चढवा,” मी म्हणालो. “आहे ते सगळं जागेवर राहील.”

“काका, घाणपण जागेवर राहते. फॉरमॅट मारू, कोरी सिस्टीम घालू. एकदम मक्खन.”

“आणि मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम? त्याची फ्लॉपी मेलीय. तो घालून देणाऱ्याचं दादरचं दुकानही उठलं.”

“तुमच्या फायली सीडीवर घेतो ना. डेटा सेफ.”

“काकांना नव्याची भीती वाटते,” अध्यक्ष सर्वांकडे बघत म्हणाले. मग ठराव झाला. माझा सोडून सगळे हात वर गेले. त्यातल्या एकालाही ते मशीन सुरू करायचं बटण सापडलं नसतं.

मेहुण्याने शब्द पाळला. फायली परत आल्या. पाहुण्यांनी नारळ फोडला, मॉनिटरला कुंकू लावलं, एक बटण दाबलं आणि टाळ्या घेतल्या. सोमवारी मी यादी उघडली, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम. मराठी अक्षरं त्या प्रोग्रॅमबरोबर पुसली गेली होती. मी मेहुण्याला फोन केला.

“फाइल ओपन होतेय ना?” तो म्हणाला. “मग झालं तर.”

त्याच आठवड्यात कॉटन ग्रीनहून एक वहिनी आल्या. नवरा साचेखात्यात मागावर होता, वारला. गिरणीचं कार्ड घर बदलताना हरवलं. अर्जाची मुदत शनिवारी संपत होती.

“भावजी, ह्यांच्या शेजारच्याचं नाव काढून द्या.”

मी पडदा दाखवला.

“ह्या काय? इंग्लिश?”

“इंग्लिशसुद्धा नाही, वहिनी.”

त्यांनी स्टूल ओढलं. “ह्यांचा तिकीट नंबर माका पाठ आसा. आकडे तरी दिसतत ना?”

आकडे शाबूत होते. ओळ सापडली. मग मला सुचलं. संपानंतर कित्येक वर्षं मी भोईवाडा कोर्टाबाहेर मराठी टाइपरायटर घेऊन प्रतिज्ञापत्रं बडवली होती, आणि या प्रोग्रॅमच्या कळाही तशाच होत्या. पडद्यावर दिसत होती ती मी दाबलेली कळ. मी एकेक इंग्रजी अक्षर पाहून त्याच कळेवर बोट ठेवू लागलो आणि बोटाला आठवेल ते मराठी अक्षर मोठ्याने म्हणू लागलो.

डावीकडच्या मागवाल्याचं नाव पुरं झालं. “तो गेलो,” वहिनी म्हणाल्या. “मीच माती देऊक गेललंय.”

उजवीकडच्याचं आडनाव अर्धंच झालं होतं, तोवर त्या उठल्या. “जित्तो आसा हो! पत्तो वाचा, बेगीन वाचा!” लालबागच्या एका चाळीचा पत्ता निघायला तासभर लागला.

शुक्रवारी वहिनी त्या म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. त्याने सही केली. तेवढ्यात अध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन हजर.

“बघितलंत वहिनी? संगणकाचा फायदा!”

“मेल्या, तुझ्या संगणकाक मराठी येना नाय. ह्येनी बोटांनी वाचल्यानी. सर बाजूक, माका फॉर्म भरूचो आसा.”

ते बाजूला झाले. फोटो निघाला नाही, अर्ज मात्र त्याच दिवशी गेला. सोमवारी अध्यक्षांनी मला उरलेली यादीही ‘तशीच’, बोटांनी वाचून, उतरवायला सांगितलं. मी हो म्हणालो, पण कार्यालयाची किल्ली माझ्याकडे राहील या अटीवर.