नवव्या मोहरेचे घर

अहेरीचे दागिन्यांचे कारागीर रशीदभाई श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी, सकाळी, राहत्या घरी हृदयविकाराने वारले. बातमी मला चंद्रपूरला दुपारी फोनवर कळली. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, ते गेले. आन् त्या बायांची मोहर इथीच राह्यली."

त्या मोहरेची हकिकत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा वार्ताहर म्हणून माझा मुक्काम अहेरीला होता आणि खोली रशीदभाईंच्या दुकानासमोर. जुन्या सोन्याच्या मोहरांचे हार करणारा तसा कारागीर आसपासच्या तालुक्यांत दुसरा नव्हता. इतर सोनार मोहरेला भोक पाडत किंवा डाग देऊन, म्हणजे सोने वितळवून, कडी जोडत. रशीदभाई मोहरेला आच लावत नसत. तिच्याभोवती सोन्याच्या पातळ पट्टीचे घर करायचे, पट्टीला तीन नख्या काढायच्या आणि त्या हलकेच मोहरेच्या काठावर वळवायच्या. नख्या उघडल्या की मोहर जशी होती तशी बाहेर. "बाईच्या नाकालेच भोक पाडावं," ते म्हणत, "राजाच्या तोंडाले कायले?"

एके दिवशी दोन बहिणी आईचा हार घेऊन दुकानात आल्या. थोरली यमुनाबाई गोंडपिपरीची, धाकटी सुमनबाई अहेरीतच दिलेली. आई नुकतीच गेली होती. हारात मोहरा नऊ. चार-चार वाटून झाल्या, नववीवर अडले. आईने सांगितले होते की मोहर विकायची नाही, एकीनेच ठेवायची नाही. दोघींनी त्यावर काढलेला उपाय एकच होता.

"कापून द्या," यमुनाबाई म्हणाल्या.

"मोहर कापली का ते मोहर नाई राह्यत, बाई. तुकडा होते."

"मंग तुकडा तं तुकडा. इले जास्त काऊन जाईन?"

"मी आहो तोवर नाई कापू देणार," रशीदभाई म्हणाले. त्यांनी दोन हार केले. प्रत्येकात चार मोहरा आणि मधोमध एक रिकामे घर. नववी मोहर एक वर्ष थोरलीच्या घरात, एक वर्ष धाकटीच्या. बदल आईच्या तिथीला, श्रावणात. मोहर काढायची आणि बसवायची रशीदभाईंनीच. त्याची मजुरी ते घेत नसत.

पहिली काही वर्षे हे चालले. मग सुमनबाईंच्या नवऱ्याची बदली भामरागडला झाली आणि ते तिथेच स्थायिक झाले. श्रावणात नदीला पाणी चढते आणि रस्ता बंद होतो, हे या जिल्ह्यात शाळेतल्या पोरालाही माहीत असते. रशीदभाई गोंडपिपरीहून मोहर काढून आणत आणि अहेरीत पाणी उतरण्याची वाट पाहत बसत. मोहर उशिरा पोचली की सुमनबाई म्हणत, बहिणीने मुद्दाम अडवली. धाकटीचे वर्ष संपून मोहर थोरलीकडे यायची असे, तेव्हा उशीर झाला की यमुनाबाई तेच म्हणत. तिथीऐवजी दिवाळी धरा, रस्ते मोकळे असतात, असे मी दोघींना निरनिराळ्या वेळी सुचवले. दोघींचे उत्तर एकच होते... आईची तिथी म्हणजे तिथी.

एका वर्षी यमुनाबाईंनी रशीदभाईंची खेप वाचावी म्हणून कात्रीच्या टोकाने नख्या स्वतःच उघडल्या. एक नखी तुटली, मोहरेच्या काठावर ओरखडा उठला. सुमनबाईंनी तो ओरखडा पाहून, बहिणीने सोने खरवडून घेतले, असे गावभर सांगितले. रशीदभाईंनी नवी नखी केली आणि दोघींकडे जाऊन आले. परत आल्यावर ते दुकानाच्या पायरीवरच बसले. मी म्हणालो, "द्या ना कापून एकदाची. त्यांनाच नको आहे तर तुम्ही का मरता?"

"पत्रकारसाहेब, तुमी लिहिलेलं कोणी मधातून फाडून अर्धं-अर्धं वाटलं, तं चालन का तुमाले?"

"लोक त्यात भजी बांधतात, रशीदभाई."

"बांधू द्या. फाडत तं नाई ना?" एवढे बोलून हसले, आणि मग खोकत राहिले. अलीकडे डॉक्टरांनी त्यांना प्रवास बंद करायला सांगितला होता. तरी यंदाच्या तिथीआधीही ते बसने गोंडपिपरीला गेलेच. पाळी सुमनबाईंची होती. मोहर काढून आणली, आणि भामरागडचा रस्ता बंद झाला. त्यानंतर चार दिवसांनी ते गेले.

सव्वा महिन्यानंतर मी अहेरीला गेलो. दुकान बंद होते, जुबेदाभाभींनी किल्ली दिली. यमुनाबाई येऊन गेल्या होत्या. रस्ता बंद आहे तर मोहर माह्याजवळच राहू द्या, असे त्यांचे म्हणणे. पाणी उतरल्यावर सुमनबाईही येऊन गेल्या. पाळी आपली आहे, असे त्यांचे. भाभींनी दोघींना एकच सांगितले, "दोघी संगं या, मंग देतो." संगं यायला दोघींनीही नकार दिला. नंतर दोघींनी आपापल्या गावाहून निरोप पाठवला. दोन्ही निरोपांत, इतक्या वर्षांनंतर, पहिल्यांदा एकमत होते... नव्या सोनाराकडून कापून घ्या, अर्धी आमची आम्हाला द्या. मोहर त्यांची आहे. नाही म्हणण्याचा अधिकार भाभींना नाही, हे भाभींनाही ठाऊक आहे.

रशीदभाईंची बसायची जागा खिडकीपाशी आहे. तिथे नख्या वळवायची शिंगाची काडी आहे, एका टोकाला झिजलेली. शेजारी पितळी डबी. डबीत कापूस, कापसावर मोहर, काठावर तो जुना ओरखडा.

हा मजकूर पाठवण्याआधी काल संध्याकाळी भाभींना फोन केला. मोहर डबीत होती. कापलेली नव्हती.