ड्रायव्हर सापडत नाही

सकाळपासून लॅपटॉपशी झटतोय. नवी सिस्टीम टाकली आणि आवाज गेला. स्पीकर जागच्या जागी आहे, धडधाकट आहे, पण सिस्टीमच्या यादीत त्याच्यापुढे ‘अनोळखी उपकरण’ असं लिहून येतं. सिस्टीमला स्पीकरची ओळख करून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर; तसे तीन टाकून पाहिले. दर वेळी बंद करायचं, सुरू करायचं आणि कान लावून बसायचं.

“काय झालंय?” खुर्चीतून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं.

“ड्रायव्हर सापडत नाही.”

अण्णांची सगळी नोकरी बस डेपोत झाली. म्हणाले, “मग गाडी उभीच राहणार. त्यात गाडीचा काय दोष?”

मला बसवेना. उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. महिन्यापूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डॉक्टरही त्यांच्या डाव्या हाताबद्दल असंच काहीसं म्हणाले होते. हात चांगला आहे, मेंदू त्याला ओळखत नाहीये. तेव्हापासून मी यंत्रांच्या मागे जास्तच लागतो.

चौथा ड्रायव्हर टाकला आणि लॅपटॉप एकदम वाजला.

“सापडला?”

“सापडला.”

अण्णांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, “आता याचाही बघ एखादा.”