बापूभावोजींची देखरेख

रोज दिवेलागणीला धारला माझा फोन वाजायचा आणि पलीकडून बापूभावोजी एकदम सुरू व्हायचे, "वहिनी, तब्येत उत्तम आहे. आज पाणी भरपूर प्यायलं. रंग जरा फिका दिसतो, पण घाबरू नका." एकदा शेजारच्या बाईंनी हे ऐकले आणि काळजीने विचारले, "कोण आहे हो दवाखान्यात?" दवाखान्यात कोणीच नव्हते. भावोजी देवासला चाललेल्या आमच्या बांधकामाविषयी बोलत होते.

इरा, नील, हे घर तुम्ही आतापर्यंत फोनवरच पाहिले आहे आणि भावोजींना तर पाहिलेच नाही, म्हणून हे लिहिते आहे. वाचताना अडलात तर आईला विचारा. ते तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर. पोस्टातून निवृत्त झालेले, काटकुळे, उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा टाकून फिरणारे. देवासला त्यांच्या घराला लागूनच आजोबांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. आजोबा गेल्यावर मी धारला एकटी राहू नये, म्हणून तुमच्या बाबांनी तिथे घर बांधायचे ठरवले. नकाशा त्याने तिकडे परदेशातच बसून करवून घेतला. वरच्या मजल्यावर, भावोजींच्या बाजूच्या कोपऱ्यात, तुम्हा दोघांची खोली होती. घर होईपर्यंत मी धारलाच राहणार होते, तेव्हा देखरेखीचे काम भावोजींनी आपणहून अंगावर घेतले.

बांधकामातले त्यांना काही म्हणता काही कळत नव्हते. पाया खोदायला घेतला त्याच दिवशी त्यांनी कैलासला, म्हणजे आमच्या मिस्त्रीला, रंग कुठला देणार म्हणून विचारले. कैलास म्हणाला, "बापूसाब, पहले दीवार तो आने दो." मला आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवल्यामुळे प्रश्नाला नेमके उत्तर घ्यायची सवय. मी विचारायची, "खिडक्यांवरचे छज्जे झाले का?" उत्तर यायचे, "वहिनी, घराला भुवया आल्या! आता आपल्याकडे बघतंय असं वाटतं." फोटो पाठवायचे, त्यात निम्मा त्यांचा अंगठा असायचा. मी तक्रार केली तर म्हणाले, "अंगठा ओळखीचा आहे ना? मग फोटो खरा आहे."

एक काम मात्र ते मन लावून करायचे. सिमेंटच्या कामाला पाणी मारणे. वैशाखात मालव्यात लू चालते, त्या गरम वाऱ्याने ओली भिंत बघता बघता कोरडी होते. भावोजी सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभे. कैलासची माणसे हसायची, "बापूसाब, घर को निमोनिया हो जाएगा." भावोजींचे उत्तर ठरलेले, "हौ भिया, तू आपलं काम कर. घराला तहान लागते, पण ते मागत नाही."

खालच्या मजल्याची स्लॅब पडली आणि वरच्या भिंती उठू लागल्या, तसे त्यांचे फोन थोडे आखडले. तब्येत उत्तम, पाणी प्यायलं, बस. मला वाटले, वय झाले, थकत असतील.

श्रावणात मी स्वतः देवासला गेले. उतरल्याबरोबर आधी नलूला भेटायला त्यांच्या घरी. नलू म्हणजे भावोजींची बायको, माझी धाकटी जाऊ. खाली भाडेकरू आणि वर हे दोघे राहायचे. अर्धांगाच्या झटक्यानंतर नलूचे सगळे जग तिच्या पलंगाएवढे झाले होते. पलंगासमोरच्या खिडकीतून आमचा मोकळा प्लॉट आणि त्याच्यापलीकडे देवीची टेकडी दिसायची. धडधाकट असताना नलू दर नवरात्रात पायऱ्या चढून वर जायची. आजारपणात ती सकाळी डोळे उघडले की पडल्या पडल्या टेकडीकडे बघून हात जोडायची, एक हात उचलत नसे तो दुसऱ्याने धरून. त्याशिवाय चहा घ्यायची नाही.

मी खोलीत शिरले तर पलंग फिरवलेला. नलूचे डोके खिडकीकडे आणि समोर कपाट.

"हे काय गं?"

"खिडकीतून लू येते म्हणाले," नलू म्हणाली. "कैलासच्या माणसांना बोलावून फिरवून घेतला."

बाहेर पाऊस पडत होता. लू कधीच संपली होती. मी खिडकीशी गेले. समोर तुमच्या खोलीची भिंत छातीइतकी वर आली होती आणि टेकडीचा फक्त माथा शिल्लक होता. आणखी काही थर चढले की तोही जाणार होता.

मी मागे वळले. नलूच म्हणाली, "तिकडे वीट ठेवली की थापीचा आवाज येतो, ताई. माझा हात गेलाय, कान नाही गेले. त्यांना वाटतं, मला भिंत चढताना दिसली नाही म्हणजे कळलं नाही. राहू दे. त्यांचा जीव तेवढ्यावर शांत आहे."

मी तशीच जिना उतरले, आमच्या घरात गेले आणि कैलासला म्हटले, "हा कोपरा थांबवा. इथे खोली नको." तुमच्या बाबांना फोन लावला. तो म्हणाला, "आई, पण मुलांची खोली?" मी काय पाहिले ते सांगितले.  मग तो म्हणाला, "काकूचं आधी बघ."

भावोजींना हे कळले तेव्हा ते तडक वर आले. त्यांना इतके रागावलेले मी कधी पाहिले नव्हते.

"वहिनी, कोणाला विचारून काम थांबवलं? सातासमुद्रापलीकडून पोरं येणार, त्यांना खोली नको? घर बांधणाऱ्याला शेजाऱ्याने अडवायचं नसतं. आमच्या घरात कोणी असं केलेलं नाही."

"तुम्ही कुठे अडवलंत? मी थांबवलं."

"एकच! लोक काय म्हणतील, बापूने बायको आजारी आहे म्हणून भावाच्या नातवंडांची खोली खाल्ली? नलूचं काही अडत नाही. तिला देवी डोळे मिटूनही दिसते."

"मग पलंग का फिरवलात, भावोजी?"

 त्यांनी पंच्याने तोंड पुसले आणि ते जिना उतरून गेले. कैलासने माझ्याकडे पाहिले, भावोजींच्या पाठीकडे पाहिले आणि माणसांना चहा प्यायला पाठवून दिले.

मी धारला परतले. काम थांबलेले होते आणि फोनही. दिवेलागणीला मी देवापाशी निरांजन लावायची आणि फोन उचलून बघायची. मला वाटू लागले, नलूची टेकडी वाचवायला गेले आणि दिराला दुखावून बसले.

मग एका संध्याकाळी त्यांचा आवाज आला. नेहमीचाच, जसे मध्ये काही घडलेच नव्हते. "वहिनी, तब्येत सुधारतेय. कोपऱ्यातली भिंत उतरवली. विटा वाया घालवल्या नाहीत, जिन्याला लावल्या. तिथे गच्ची राहील. कैलास विटांचा कठडा घेत होता, मी म्हटलं, भिया, सळ्यांचा कर, नाहीतर कठडाच बघत बसावं लागेल. पलंग पुन्हा फिरवलाय. नलू माझ्यावर रागावली आहे. म्हणते, इतके दिवस मला कपाट का दाखवलंत."

हे कसे जमले ते मी पुढे नलूला विचारले. ती म्हणाली, "काही नाही. मी एक दिवस जेवले नाही. तेवढ्यावर त्यांचा हट्ट उतरला."

दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका पहाटे भावोजी झोपेतच गेले. घराला रंग लागायचा होता. कैलासने त्या दिवशी काम बंद ठेवले, पण संध्याकाळी एकटाच येऊन ओल्या प्लास्टरला पाणी मारून गेला. मी तेव्हा नलूजवळ बसले होते. पाण्याचा आवाज आला तशी तिने डोळे मिटून घेतले.

माघात वास्तुशांत करून मी राहायला आले. घर चांगले झाले आहे, मुलांनो. तुम्ही याल तेव्हा माझ्या खोलीत गाद्या घालू; तिघांना पुरेल एवढी ती मोठी आहे.

पहिल्या सकाळी मी धुतलेली साडी घेऊन त्या गच्चीवर गेले. दोरी नुकतीच बांधून घेतली होती. समोरच्या खिडकीत नलू जागी झाली होती. एका हाताने दुसरा हात धरून ती माझ्याकडे बघत होती. मीही हात वर केला. ती तशीच बघत राहिली, आणि मग माझ्या लक्षात आले की ती माझ्याकडे बघतच नाही आहे. मी मध्ये उभी होते.

मी साडी घेऊन तिथेच फरशीवर खाली बसले. तिचा नमस्कार संपेपर्यंत उठले नाही. त्याच दिवशी दोरी काढून टाकली. कपडे आता मी खाली अंगणात वाळत घालते.