उरलेले दोनशे मीटर

फोन आला तेव्हा मी ब्रिस्टलला, मागच्या गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होते. हिवाळ्यानंतरचं पहिलं खरं ऊन पडलं होतं. साउथहॅम्प्टनहून अविनाशच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबच्या सेक्रेटरी, मार्गारेट, बोलत होत्या. आउटडोअर सीझनची पहिली मीट, म्हणजे मैदानी स्पर्धा, चालू होती. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू सारखी करता करता अविनाश, माझा धाकटा भाऊ, तिथंच कोसळला... अ‍ॅम्ब्युलन्स येण्याआधी सगळं संपलं. लोक म्हणाले, आवडत्या जागी मरण आलं, भाग्यवान. मला तसं म्हणवत नाही.

अविनाश भूल देणारा डॉक्टर. साताऱ्याला शाळेत असताना आठशे मीटरमध्ये त्याच्या जवळपास कुणी नसायचं. पण बारावीच्या वर्षी आमच्या वडिलांनी, नानांनी, त्याचे पळायचे बूट कपाटात ठेवून कुलूप लावलं. तो मेडिकलला गेला, या देशात आला, हॉस्पिटलमध्ये नाव कमावलं. ते कुलूप मात्र मनातून निघालं नाही. नऊ वर्षांची ऋचा, त्याची एकुलती एक मुलगी, पार्कमध्ये मोठ्या मुलांना मागे टाकताना दिसली आणि त्यानं स्टॉपवॉच विकत आणलं. एप्रिलचं ऊन पडलं की शेजारीपाजारी बार्बेक्यू निघायचे. या घरात स्पर्धांचा सीझन सुरू व्हायचा, स्टॉपवॉच निघायचं.

मिलेनियमच्या वर्षीची पहिली मीट. ऋचा सोळाची होती, मी मुद्दाम बघायला गेले होते. कारमध्ये ती म्हणाली, "बाबा, नडगी खूप दुखते. थ्री वीक्स झाले."

"वॉर्म-अप झालं की जाईल," अविनाश म्हणाला. तो डॉक्टर, मी कशाला मध्ये बोलू? आठशेच्या शर्यतीत, मैदानाच्या दुसऱ्या फेरीत, दोनशे मीटर उरले असताना ती पडली. हा रेलिंगवरून ओरडला, "ऊठ! दोनशेच राहिलेत, ऊठ!" आणि... मीही ओरडले. ती उठली. लंगडत पाचसहा पावलं पळाली, आणि आधीच चीर गेलेलं हाड पुरतं मोडलं.

त्यानंतर ती ट्रॅकवर आली नाही. शिकायला ग्लासगोला गेली, तिकडचीच झाली. ख्रिसमसला दोन दिवस यायची, ईस्टरला, सीझनच्या तोंडावर, कधीच नाही. "तिची माफी माग रे," मी त्याला किती वेळा सांगितलं. "माफी कसली, ताई? तिच्या भल्यासाठीच ना? येईल ती." नानाही असंच बोलायचे, हे मी त्याला तोंडावर ऐकवलं. तीन महिने त्यानं मला फोन केला नाही.

क्रिमेटोरियममध्ये ऋचा आली, रडली नाही. दुसऱ्या दिवशी क्लबमधलं त्याचं सामान आणायला आम्ही दोघी गेलो. मार्गारेटनी एक फाइल पुढे ठेवली. ऋचा सोडून गेल्यापासून दरवर्षी, पहिल्या मीटच्या एन्ट्री शीटवर, आठशे मीटरखाली अविनाशच्या अक्षरात तिचं नाव. पुढे दुसऱ्या कुणाच्या अक्षरात शेरा: आली नाही. "त्यांनी आशा कधी सोडली नाही," मार्गारेट म्हणाल्या. मला वाटलं, आता तरी पोरगी रडेल.

"आत्या," ती म्हणाली, "बाबाने एकदा पण विचारलं नाही, मला पळायचं आहे का."

यंदाच्या शीटवर शेरा नव्हता. मीट मध्येच थांबली होती. ऋचानं टेबलावरचं पेन उचललं, आपल्या नावावर सरळ रेघ ओढली आणि बाहेर गेली. फाइल मी घरी आणली. ती अजून उघडवत नाही.