गेटाबाहेरची हलगी

शाळेच्या गेटाबाहेर माझी पोरगी उकिडवी बसलती. अंगात बँडचा पांढरा शर्ट, पायात पांढरे बूट, आणि समोर पाचटाचा जाळ. हातात हलगी. पापड भाजायला धरावा तशी ती तिनं जाळावर धरलती. धुरानं डोळ्यांतून पाणी चाललेलं. आत ग्राउंडावर बाकीची पोरं गळ्यात ड्रम अडकवून ओळीत उभी होती.

मी एसटीत कंडक्टर आहे. चौसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव, हायवेला लागून. ड्युटी संपवून खाकीवरच तिचा बँड बघायला आलते. मी गेटापाशी पोचायला आणि फट्ट आवाज व्हायला एकच गाठ पडली. हलगीचं चामडं मधोमध फाटलं. पोरीनं दचकून ती खाली टाकली.

आतून तिचे सर आले. खेळाचे, बँडचे, सगळ्याचे तेच. त्यांनी हलगी उचलून बघितली आणि म्हणाले, "एवढंही येत नाही? तुमच्याच घरातलं काम आहे ना हे?"

गेटाजवळ गावातली चार माणसं उभी होती. ती हसली. कुणाला टोचावं म्हणून नाही, सहज हसली. मला त्या सहजाचाच जास्त राग येतो.

पोरगी चौथीत आहे. हलगी शेकावी लागते हे तिला त्या सकाळपर्यंत माहीतच नव्हतं. मलाही ते ऐकूनच माहीत. गारठ्यात चामडं ढिलं पडतं, मग ते जाळाच्या उबेला धरून ताणून घ्यायचं. पण किती लांब धरायचं, कधी काढायचं, हे तिला कोण सांगणार? आमच्या घरात माझे वडील आबा, मी आणि ही पोरगी, तिघांतल्या कुणी कधी चामड्याला हात लावला नाही.

कावून लावला नाही, ते सांगते.

माझे आजोबा गावात दवंडी द्यायचे. गळ्यात डफडं. पाटलाचा बैल हरवला, दे दवंडी. साहेब येणार, दे दवंडी. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं वाजवत चालायचं आणि देऊळ आलं की पायरीपासून बाजूला व्हायचं. लग्नात मांडवाबाहेर बसायचं आणि सगळ्यांच्या पंगती उठल्यावर उरेल ते घ्यायचं. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आले आणि डफडं चुलीत घातलं. आजी सांगायची, घरभर लई घाण वास सुटलता आणि आजोबा त्या वासात शांत जेवत बसलते.

आबा त्या घरात वाढले. त्यांच्या बापानं एक डफडं जाळलं, आबांनी सगळ्याच वाजवण्यावर फुली मारली. ढोलकी नको, ताशा नको. माझ्या लग्नात बँडसुद्धा नव्हता. नवरा वारल्यापासून मी पोरीला घेऊन त्यांच्याकडंच राहते.

आणि अशा घरात ही पोरगी जन्मली. ताट वाजवते, दार वाजवते, पाण्याची टाकी वाजवते. जयंतीच्या मिरवणुकीत गायन पार्टीची गाडी थांबली, तर ड्रम वाजवणाऱ्या पोरासमोर खिळून उभी राहिली. ओढून आणावी लागली. घरी आल्यावर म्हणाली, मला ते शिकायचंय. आबा उठून बाहेर गेले.

मला ड्रममधलं ओ की ठो कळत नाही. तो वाजवणारा जवळच्याच पाली गावचा निघाला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ताई, ड्रम नंतर. आधी बादली पालथी घाला, पोरीच्या हातात दोन काड्या द्या आणि चार आकडे म्हणायला लावा. घाई करू देऊ नका. डावा हात उजव्याएवढाच वाजला पाहिजे.

मग सुट्टीच्या दिवशी पाली आणि बाकीच्या दिवशी दारात बादली. दिवसभर बसमध्ये उभी राहून माझे पाय सुजलेले. कुणी सुट्ट्यावरून भांडलेलं, कुणी खाकीवरची नावाची पट्टी वाचून तोंड वाकडं केलेलं. घरी आले की वाटायचं, अंग टाकावं. पण उंबऱ्यावर बसून मोजायचे, एक दोन तीन चार. ती चुकायची. चिडायची. काड्या फेकायची आणि थोड्या वेळानं आपली आपण उचलून आणायची. डावा हात तिचा लई आळशी. अख्खा पावसाळा गेला तेव्हा कुठं तो ऐकायला लागला.

शाळेत बँडसाठी पोरं निवडली. हिनं वाजवून दाखवलं, हिचं नाव ड्रममध्ये आलं. पांढरा शर्ट तिनं घरात चार वेळा घालून बघितला.

आणि आता ती गेटाबाहेर बसलेली. मी विचारलं, काय झालं? तिनं हुंदक्यांतून सांगितलं. सकाळी सरांनी तिच्या गळ्यातला ड्रम काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातला. नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला पुढारी येणार होते. सर म्हणाले, त्यांचं स्वागत तू हलगीनं कर, तुला कुठं शिकवायची गरज आहे. तिनं सांगितलं, मला हलगी येत नाही. सरांना ते खोटंच वाटलं.

मी सरांना म्हणाले, "सर, तिचं नाव ड्रमला हाय. हलगी कावून दिली तिला?"

सर समजावणीच्या सुरात आले. पाहुण्यांपुढं हलगी शोभून दिसते, आपली परंपरा आहे, कला आहे, ड्रम काय कुणीही वाजवेल. मग म्हणाले, "आणि ताई, हा मान आहे. सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं."

"मान हाय तर तुमच्या पोराला द्या."

त्यांचा मुलगा त्याच बँडमध्ये आहे. पहिल्या ओळीत.

सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, तुम्ही लोकं प्रत्येक गोष्टीत हे आणता. हे म्हणजे काय, ते काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी काय आणलं होतं? जाळ त्यांनी पेटवून दिला, हलगी त्यांनी मागवली, गेटही त्यांनीच निवडलं. मी फक्त पोरीसाठी पाण्याची बाटली आणलती.

माझा हलगीवर राग नाही. आमच्या गावात एक काका हलगी वाजवतात, ऐकून अंगावर काटा येतो. पण तेही बापाचा मार खात खात शिकले. आईच्या पोटातून कुणी शिकून येत नाही. सरांना मात्र वाटतं, आम्ही येतो. त्यामुळं आम्हाला आलं तर त्यात आमची मेहनत नाही, आणि नाही आलं तर आम्ही घरचं विसरलो. दोन्हीकडून आम्हीच हसण्यावारी.

मी पायानं जाळावर माती लोटली आणि पोरीचा हात धरला. समोरून पुढाऱ्यांच्या गाड्या येत होत्या. आम्ही त्यांच्या उलट्या बाजूनं चालत निघालो. मागं बँड सुरू झाला. पोरगी वळून वळून बघत होती.

घरी आबा म्हणाले, "म्हनून नको म्हनत होतो. आपल्या हातात काडी दिसली की त्यांला डफडंच दिसतं."

खरं होतं ते. माणूस अख्खं आयुष्य एका भीतीत काढतो आणि म्हातारपणी ती भीती खरी ठरते. मला रडू आलं, पण मी बोलले. "आबा, आजोबांच्या गळ्यात डफडं दुसऱ्यानं घातलतं. हिनं काडी आपल्या हातानं उचललीय. ती मी खाली ठिवू देनार न्हाई."

आबांना पटलं असं नाही. अजूनही ती वाजवायला बसली की ते उठून पारावर जातात.

पोरीनं बरेच दिवस बादलीला हात लावला नाही. एकदा मला म्हणाली, "आई, मला लई चांगला ड्रम आला तरी गेटावरच उभं करतील का?"

खोटं कशाला सांगू? म्हणाले, "करायला बघतील. आपन उभं ऱ्हायचं न्हाई."

सुट्टीच्या दिवशी तिला पालीला नेलं. ती येत नव्हती, तरी नेलं. डावा हात पुन्हा आळसावला होता. पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसलो.

त्यानंतर ड्युटीच्या आधी मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी खुर्ची दाखवली, मी बसले नाही. सांगितलं, माझी पोरगी शिकतीय. बँडमध्ये येईल तर ड्रम घेऊन, ओळीत. जमत नसेल तर तुमचा बँड तिच्याशिवाय वाजवा. ते म्हणाले, बघू. मी म्हणाले, तुम्ही बघा, पण माझं पुरतं ऐकून घ्या. पुन्हा कुणाचं लेकरू, माझं नाहीतर दुसऱ्याचं, असं बाहेर बसवलंत तर मी ड्युटी बुडवून येईन आणि भरला कार्यक्रम थांबवीन. लई दमलेय मी, सर. दमलेली असले तरी येईन.